मथळ्याचे पाय

मथळा लिहून झाला की रामटेकेजी खुर्चीतून उठत आणि तो मथळा वाचलेल्या माणसासारखे चालू लागत. उद्या नळ कोरडे राहणार असतील तर दोन्ही हातांत नसलेल्या बादल्या धरून टेबलाला वळसा घालत. साखर महागली असेल तर खिडकीशी जाऊन, मान बाहेर काढून, शेजारणीला हाक मारल्यासारखं करत. गावात कुठे दंगा असेल तर दाराला आतून कडी घालत आणि दाराला पाठ लावून उभे राहत. मग जागेवर येऊन एक तर तो मथळा कंपोझला पाठवत, नाहीतर त्यावर रेघ मारून नवा लिहीत. हे सारं इतक्या गंभीरपणे चाले, की नोकरीच्या पहिल्या दिवशी मला वाटलं, आपण पत्ता चुकलो. हे वर्तमानपत्राचं कार्यालय नसून नाटक कंपनी आहे आणि नटाचं वय झालंय.

खरं तर ते पस्तिशीचेच होते. पण मी तेवीस वर्षांची होते, आणि त्या वयात पस्तिशीचा माणूस पेन्शनीतच दिसतो.

आमची कचेरी लकडगंजात होती. खाली लाकडाची वखार आणि आरा मशीन, वर आमचं छोटंसं सांजदैनिक, मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये छपाईचं मशीन. तिन्हींचे मालक एकच, आम्ही त्यांना शेठजी म्हणायचो. खाली सागाचा ओंडका चिरला जाऊ लागला की वर टेबलावरच्या चहावर लाटा येत. दुपारी एकपर्यंत पान लावून द्यायचं, अडीचला अंक बाहेर, तीनच्या गाड्यांनी गठ्ठे सावनेर, उमरेड, काटोलला रवाना. रामटेकेजी मुख्य उपसंपादक आणि मी नवी, शिकाऊ उपसंपादक. मराठी वृत्तपत्रसृष्टी माझ्यासाठी खोळंबून बसली आहे अशी माझी समजूत होती. तिला माझा पत्तासुद्धा ठाऊक नव्हता, पण मी रोज पावडर लावून, सायकलवर बसून तिला भेटायला जात होते.

माझा हातखंडा म्हणजे अनुप्रास. थंडी पडली तेव्हा मी मथळा दिला: ‘थंडीच्या थैमानाने थरथरले नागपूर.’ रामटेकेजींनी तो मोठ्यानं वाचला, उठले, दोन पावलं चालले आणि थांबले.

“काय झालं सर?” मी विचारलं.

“मी वाट पाहून राहिलो,” ते म्हणाले, “का हे वाचून कोणी पोराले स्वेटर घालते का. कोणी उठून नाही राहिलं वं. सारे जागच्या जागी वा वा करून राहिले.”

असं म्हणून त्यांनी लिहिलं: ‘आज रात्री थंडी वाढणार.’ पुन्हा उठले, कपाटावरून नसलेली पेटी खाली उतरवली, तिच्यातून नसलेलं पांघरूण काढून झटकलं आणि समाधानानं बसले. “बातमी माणूस डोळ्यानं वाचते, बी. ए.,” ते म्हणाले, “अन् मथळा पायानं. वाचला का निंगाला.” त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी ‘बी. ए.’ झाले. माझं खरं नाव त्यांनी पुढे फक्त माझ्या लग्नाच्या आहेरावर लिहिलं.

शनिवारी अंक मशीनवर चढला की आमच्याकडे एक रिवाज होता. खालून तर्री पोहे यायचे, आणि रामटेकेजी कपाटातून मागच्या वर्षीच्या त्याच आठवड्याची फाईल काढायचे. याला ते मथळ्यांचे वाढदिवस म्हणत. “पोरगं वर्षाचं झालं,” म्हणायचे, “काय काय उद्योग करून आलं, पाहा तं खरं.” मग एकेक जुना मथळा घ्यायचा आणि त्यानं वर्षभरात कोणाच्या घरी काय केलं असेल ते सांगायचं. कंपोझिटर, मशीनवाले, शेठजींचे मुनीम, सगळे बोटांना लागलेली तर्री चाटत ऐकायला बसत.

एकदा ‘उद्या शहरात पाणी नाही’ हा मथळा निघाला. रामटेकेजी म्हणाले, “हा वाचला का साऱ्या बाया उठल्या. बादल्या भरल्या, टाक्या भरल्या, घमेली भरली, कुकर भरला, न्हाणीतला तांब्यासुद्धा रिकामा नाही ठेवला. सांजच्याले टाकी खडखडीत. दुसऱ्या दिवशी पाणी आलं कुठून असतं? पाणी सोडणारा बिचारा चावी फिरवून राहिला अन् म्हणून राहिला, पेपरवाल्यायले आधीच कसं कळलं गा?”

दुसऱ्या एका वाढदिवसाला ‘विहिरीत बिबट्या?’ निघाला. तो माझा नव्हता, हे मी लगेच सांगून टाकलं. रामटेकेजींना मथळ्यातल्या प्रश्नचिन्हाचा राग होता. “आपल्याले माहीत नाही, तं वाचकाले काहून विचारायचं? त्याले तरी कुठं माहीत आहे?” त्यांच्या मते तो मथळा वाचून आख्खं गाव विहिरीवर गेलं. भेळवाला गेला, फुगेवाला गेला. दोन दिवसांनी गर्दीचा आवाज ऐकून डोंगरावरचा खरा बिबट्या खाली आला आणि सगळ्यात मागे उभ्या असलेल्या माणसाच्या खांद्यावर पंजा ठेवून त्यानं विचारलं, “काय आहे गा आत?” मुनीमजी हसता हसता खुर्चीसकट मागे गेले.

आणि ‘चहा आरोग्यास घातक’! हा मथळा वाचून इतवारीतल्या एका गृहस्थानं घरातला चहा बंद केला. चौथ्या दिवशी मुलीला पाहायला पाहुणे आले. त्यांना चहा मिळाला नाही. पाहुणे रागावून गेले, सोयरीक मोडली. मुलगी रिकामी घरी बसून काय करणार, म्हणून शिकायला लागली. डॉक्टरकीला गेली. “अन् आता,” रामटेकेजी बोट वर करून म्हणाले, “दहा वर्षांनी तीच आपल्या पेपरात सांगन, का चहानं काही होत नाही. तेव्हा तो मथळाबी आपल्यालेच द्यावा लागन. तयारी ठेवा.”

हसून हसून माझं पोट दुखायचं. मग मी सायकलवर घरी निघायचे आणि गांधीबागेच्या चौकात लोक आमचा अंक विकत घेताना दिसायचे. एखादी बाई घडी न उलगडताच वरचा मथळा वाचायची, क्षणभर थांबायची आणि आली त्या दिशेला परत वळायची. मी सायकलवरून उतरायचे. ही कुठे निघाली? मी सकाळी काय लिहिलं होतं? रामटेकेजी गंमत करत नव्हते. त्यांना ही बाई टेबलावर बसल्या बसल्या दिसत होती. हे कळलं तेव्हा मला त्यांची पहिल्यांदा भीती वाटली, जशी देवळात गाभाऱ्यापाशी गेल्यावर लहानपणी वाटायची.

हे सारं आलं कुठून, हे मी एकदा विचारलं. ते म्हणाले, “आमच्या वस्तीत वाचता येणारा मीच. शाळेत होतो. सांजच्याले सारे म्हातारे ओट्यावर बसत, अन् मी पेपर वाचून दाखवी. छप्पन साली दीक्षेची बातमी आली. मी मथळा वाचला. बाया उठल्या अन् पांढरी लुगडी धुवाले घेऊन गेल्या. ज्याईच्याजवळ पांढरं नव्हतं, त्याईनं उसनं आणलं. दुसऱ्या दिवशी आख्खी गल्ली चालू लागली. माझी आजी, जिले गुडघ्यानं उठवत नव्हतं, तेबी. मी फक्त वाचलं होतं, बी. ए. लिहिलंसुद्धा नव्हतं.” एवढं सांगून ते पुन्हा कामाला लागले. मी मात्र माझ्या अनुप्रासांच्या कागदाकडे बघत बसले.

रामटेकेजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. माझी नात दिवसभर मोबाईलवर मथळे वाचते आणि एकाही मथळ्यासाठी जागची उठत नाही. तिला मी त्यांच्या गोष्टी सांगते. बिबट्याची तिला पाठ आहे. पण एक गोष्ट सांगताना माझा आवाज अजून जागेवर राहत नाही, म्हणून ती लिहूनच काढते.

पौषातली थंडी होती. सकाळी अकराच्या सुमारास सावनेरहून आमच्या वार्ताहराचा, शेंड्यांचा, ट्रंक कॉल आला. तिकडच्या एका कोळशाच्या खाणीत पाणी शिरलं होतं. रामटेकेजी एका कानाला फोन लावून ऐकत होते आणि मला लिहायला सांगत होते. “सकाळची पाळी खाली होती. लिही. काही जण वर आले. काही आतच आहेत.” मग ते फोनमध्ये म्हणाले, “हो, मधुकर सकाळच्याच पाळीले आहे.”

माझी पेन्सिल थांबली. मधुकर म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. नागपूरला आला की कचेरीत डोकावणारा, सगळ्यांसाठी चिवडा आणणारा, मला ‘बी. ए. ताई’ म्हणणारा. वर्षभरापूर्वीच त्याचं लग्न झालं होतं.

“वर आलेल्यात पाहिला का तू त्याले?” रामटेकेजींनी विचारलं. पलीकडचं ऐकलं. “बरं. नाही दिसला.” मग माझ्याकडे वळून, “लिही, बी. ए. आत किती ते नक्की नाही. पाणी उपसून राहिले.” पुन्हा फोनमध्ये: “मेलेला पाहिला का कोणी? तुह्या डोळ्यानं? लोक म्हणून राहिले? मग ते लोकायलेच छापू दे. तू दरवाजावर जा. वर आलेल्यायची नावं कुठं लावून राहिले, घरच्यायनं कुठं उभं राहायचं, विचार अन् मले परत फोन कर.”

तेवढ्यात शेठजी जिना चढून आले. “रामटेकेजी, वो दूसरेवाले ‘सब मारे गए’ छाप रहे हैं. अपना हेडिंग क्या है?”

आणि मी, म्हणजे आज जिला आजी म्हणतात ती ही शहाणी, मथळा तयार ठेवून बसले होते. वाचूनही दाखवला: ‘काळ्या कोळशाच्या काळोखात क्रूर काळाचा घाला.’

“वा!” शेठजी म्हणाले. “इसमें दम है!”

रामटेकेजींनी माझ्या हातातून कागद घेतला आणि उठले. त्या दिवशी कोणी हसलं नाही. “सावनेर,” ते म्हणाले. “साडेचार वाजले. गाडी आली, गठ्ठा सुटला. कमलनं अंक घेतला.” कमल म्हणजे मधुकरची बायको. ते खिडकीपाशी गेले, कागद डोळ्यांसमोर धरला, वाचला आणि खाली फरशीवर बसले. मग एका हातानं दुसऱ्या मनगटावरून बांगड्या खाली ओढाव्यात तसा हात फिरवला.

“बी. ए., तुह्या मथळ्यात माणूस जिता आहे का मेलेला?”

मी मनात मथळा पुन्हा वाचला. इतके क जुळवले, पण तेवढं राहिलं होतं.

“तुलेच माहीत नाही. तिले कुठून कळन? ते मेलेलाच धरन. बांगड्या फोडल्यावर मधुकर दारात उभा राहिला, तं त्या बांगड्या जोडाले कोण जाईन? छापखाना?” ते उठले. “बरं, ‘सारे सुखरूप’ लिहू. आता कमल काय करन? चूल पेटवन. भाकरी थापत त्याची वाट पाहन. खाणीवर नाही जाणार. अन् तिनं गेलं पाहिजे, शेठजी. काहीबी झालं तरी तिनं तिथं असलं पाहिजे.”

शेठजी जवळ आले. मग हळू आवाजात म्हणाले, “आपके भाई का मामला है. आप निकलो सावनेर. यहाँ हम देख लेंगे.”

“मी आता गेलो तं ही पोरगी यमकं जुळवन,” रामटेकेजी म्हणाले. मला राग यायला हवा होता. मला रडू आलं.

शेंड्यांचा फोन पुन्हा आला, आणि मग त्यांनी मथळा लिहिला: ‘खाणीत पाणी शिरले, काही कामगार अजून आत.’ खाली, तेवढ्याच मोठ्या टाइपात: ‘पाणी उपसणे चालू. बाहेर आलेल्यांची नावे दरवाजावर. घरच्यांनी पूर्वेच्या फाटकाशी थांबावे.’

शेठजींनी वाचलं. “ये हेडिंग है? ये तो चिट्ठी है.”

“चिट्ठीच आहे.”

शेठजींनी कागद टेबलावर परत ठेवला. “छापो,” म्हणाले आणि खाली गेले. थोड्या वेळानं आरा मशीनचा आवाज थांबला. भर दुपारी, कामाच्या दिवशी, तो मी कधी थांबलेला ऐकला नव्हता. चहाचा कप टेबलावर निश्चल उभा होता.

तीनच्या गाडीनं, टपावर आमचेच गठ्ठे घेऊन, आम्ही दोघं सावनेरला निघालो. कोणीतरी लिहून घ्यायला लागेल म्हणून मी हट्टानं बरोबर गेले. कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्या मागे पडल्या तेव्हा पुढच्या बाकावरच्या एकानं दुसऱ्या सांजदैनिकातलं ‘सर्व ठार’ मोठ्यानं वाचलं आणि बसमध्ये एक म्हातारी रडायला लागली. रामटेकेजी खिडकीबाहेर बघत होते. त्यांचे हात मांडीवर स्थिर होते, पण पाय बसल्या जागी पावलं टाकत होते.

सावनेरला टेम्पो मिळायलाच तासभर गेला; आम्ही पूर्वेच्या फाटकाशी पोचलो तेव्हा अंधारून येत होतं. आमचा अंक आमच्या पुढे एका सायकलवाल्याबरोबर पोचला होता. गर्दी होती, पण गोंधळ नव्हता. अन् तिथं कमल उभी होती. कडेला एक गाठोडं. रामटेकेजींना बघून तिनं डोक्यावरचा पदर पुढे घेतला.

“भाऊजी, तुमी कशाले आले एवढ्या थंडीचे?”

“गाठोड्यात काय आहे?”

“कपडे आहे. सदरा, पायजमा, टॉवेल. शेजारच्या पोरीनं पेपर वाचून दाखवला. ‘अजून आत’ लिवलं आहे. आत म्हंजे पाण्यात. वर निंगन तं थंडीनं काकडून मरन तो. म्हणून कोरडे कपडे घेऊन आली.”

रामटेकेजींनी गाठोड्याला हात लावून पाहिला. मग माझ्याकडे वळून अगदी पुटपुटल्यासारखं म्हणाले, “हे मले नव्हतं सुचलं वं.”

माणसं वर आणणारा लोखंडी पाळणा पहिल्यांदा आला त्यात मधुकर नव्हता. एक अनोळखी माणूस होता, चिखलानं माखलेला, दात वाजत असलेला. त्याच्या घरचं कोणी तिथं नव्हतं. कमलनं गाठोड्याकडे पाहिलं, त्या माणसाकडे पाहिलं, गाठ सोडली आणि सदरा त्याच्या अंगावर चढवला. “याची बायको घरी रडत बसली असन,” ती म्हणाली. “हातपाय तरी पूस, दादा.” टॉवेलही दिला. मी लिहून घ्यायला गेले होते. माझी वही मिटलेलीच होती.

शेवटच्या खेपांपैकी एकीत मधुकर आला. बाहेर पडल्या पडल्या भावाला पाहून म्हणाला, “दादा, तू काहून आला? आज पेपर नाही काय?”

“काढूनच आलो,” रामटेकेजी म्हणाले, आणि अंगातला शर्ट काढून त्यांनी भावाला घातला. एकेक बटण स्वतः लावलं. कमल एका हातानं मधुकरचं मनगट घट्ट धरून होती, दुसऱ्या हातानं डोळे पुसत होती आणि म्हणत होती, “अवो भाऊजी, बनियनवर जासान काय आता नागपूरले!”

शेवटच्या खेपेत दोघं आले ते घोंगडीनं झाकलेले. लांबच्या खेड्यांतले होते. त्यांच्या घरचं कोणी फाटकाशी पोचलंच नव्हतं. रामटेकेजी नुसत्या बनियनवर त्यांच्यापाशी जाऊन उभे राहिले, हात जोडले, आणि मग शेंड्यांकडून दोघांची पूर्ण नावं, बापाची नावं, गावं मला लिहून घ्यायला लावली.

परतीच्या बसमध्ये कंडक्टरनं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “काहून जी, शर्ट कुठं गेला?”

“घातला आहे.”

“मले तं दिसून नाही राहिला.”

“माझ्या भावानं घातला आहे,” ते म्हणाले, आणि भरल्या गाडीत हुंदके देऊन रडू लागले. कंडक्टरनं तिकिटाची पेटी बाजूला ठेवली, गळ्यातला मफलर काढून त्यांच्या खांद्यावर टाकला आणि पुढच्या माणसाकडे वळला.

कोराडीपाशी ते सावरले. “बी. ए., त्या दोघायच्या गावी माणूस गेला का?”

“शेंडे सकाळी पहिल्या गाडीनं निघणार आहेत.”

“ते पोचल्याचं कळेपर्यंत त्यायची नावं छापायची नाही. माणूस आधी जाऊ दे. मथळा मागून जाईन.”

दुसऱ्या दिवशी एक वाजला. पान लागलं होतं, फक्त वरची चौकट रिकामी. मशीनवाले हात पुसत उभे. शेठजी वर आले, त्यांनी ती चौकट पाहिली आणि एक स्टूल ओढून फोनपाशी बसले. दीड वाजला. तीनची गाडी चुकणार हे सगळ्यांना दिसत होतं. मुनीमजींनी आणलेला चहा तसाच गार झाला. दोन वाजून गेल्यावर फोन वाजला. शेठजींनीच उचलला आणि रामटेकेजींच्या हातात दिला.

ते ऐकत राहिले. “दोन्ही घरी? तू स्वतः?” मग म्हणाले, “बरं. तू जेवून घे गा, शेंडे.”

फोन ठेवला, कागद पुढे ओढला, दोन्ही नावं बापाच्या नावासकट लिहिली, कागद कंपोझिटरच्या हातात दिला, नावं चौकटीत बसली आणि जिन्यापाशी जाऊन खाली आवाज दिला, “चढवा.”